गुणतक्त्याआधी मैदान पाहावे : इंग्लंडच्या नॉन-लीग फुटबॉल क्लबांची वाटचाल कोल्हापुरातून कशी समजून घ्यावी

ज्या शहरात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस आणि बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात, त्या कोल्हापूरला इंग्लंडचा फुटबॉल नवा नाही. शनिवारी-रविवारी रात्री प्रीमियर लीगचे सामने पाहणारे तरुण प्रत्येक पेठेत आहेत. मात्र त्या वीस बड्या क्लबांच्या खाली इंग्लंडमध्ये फुटबॉलचा जो अफाट पसारा आहे, त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आणि माझ्या मते कोल्हापूरच्या माणसाला खरा जवळचा वाटावा असा भाग तोच आहे. तिथे क्लब एखाद्या गावाचा किंवा उपनगराचा असतो, प्रवेशद्वारावर तिकिटे देणारा माणूस बहुधा बिनपगारी कार्यकर्ता असतो, हंगामाच्या खर्चासाठी गावातल्या व्यापाऱ्यांच्या जाहिरातींवर विसंबावे लागते आणि शंभर वर्षे टिकलेली संस्था दोन-तीन वाईट वर्षांत बुडू शकते. असा एखादा क्लब निवडून त्याची वाटचाल जाणतेपणाने कशी पाहावी, हे या लेखात सांगायचे आहे. मैदान कोणाच्या मालकीचे आहे, क्लबवर देणे किती आहे, खर्च कोण उचलतो आणि त्यानंतर गुणतक्ता, असा क्रम ठेवला तर या क्लबांचे बरेवाईट दिवस बरेच आधी दिसू लागतात. जो फक्त गुणतक्ता पाहतो, त्याला प्रत्येक संकट अचानक कोसळल्यासारखे वाटते.

पायऱ्या आधी समजून घ्याव्यात

प्रीमियर लीगमध्ये २० आणि चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू या तिन्हींत प्रत्येकी २४, असे वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. त्याखाली जे काही आहे ते सगळे नॉन-लीग. पाचव्या श्रेणीवर नॅशनल लीग ही देशभराची एकच साखळी असून तिच्यात २४ संघ खेळतात. सहाव्या श्रेणीवर तिचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग आहेत. सातव्या श्रेणीवर चार विभाग आहेत आणि ते नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न व इस्थमियन या तीन जुन्या लीगांकडून चालवले जातात. आठव्यावर आठ विभाग, आणि पुढे हा विस्तार परगण्यांच्या साखळ्यांपर्यंत जातो. बातम्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नॉन-लीगमध्ये ‘स्टेप’ची मोजणी पाचव्या श्रेणीपासून सुरू होते, म्हणजे ‘स्टेप ३’ असे लिहिले असेल तर तो क्लब एकंदरीत सातव्या श्रेणीत आहे. नव्या वाचकाचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

या पायऱ्या चढता येणे ही फार जुनी गोष्ट नाही. १९८६-८७ च्या हंगामापर्यंत वरच्या चार श्रेणींचे दार खालच्यांसाठी जवळपास बंदच होते. या चार श्रेणींच्या, म्हणजे ‘लीग’च्या, तळाच्या संघांना पुन्हा निवडून यावे लागे, पण मतदान करणारे लीगमधलेच क्लब असत आणि ते सहसा आपल्याच सोबत्यांना तारून नेत. हेरफर्ड युनायटेडने १९७२ मध्ये एफए कप या देशव्यापी चषक स्पर्धेत न्यूकॅसलला २-१ असे हरवून देशभर नाव मिळवले, त्याच वर्षी त्यांना बॅरो या क्लबच्या जागी लीगमध्ये प्रवेश मिळाला. १९७७ मध्ये विम्बल्डन आणि १९७८ मध्ये विगन आत आले. १९८७ मध्ये स्कारबरो हा आपोआप बढती मिळालेला पहिला क्लब ठरला. दुसऱ्या संघालाही वर जाण्याची वाट २००३ पासून खुली झाली. आजही नॅशनल लीगचा विजेता थेट आणि दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांपैकी एक प्ले-ऑफ या बाद सामन्यांतून, असे दोनच संघ वर जातात. २०२२-२३ मध्ये नॉट्स काउंटीने १०७ गुण मिळवूनही त्यांना लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर चेस्टरफिल्डविरुद्ध पेनल्टी शूटआउटपर्यंत झगडावे लागले, कारण रेक्सहॅमचे १११ गुण होते. तिसरा संघही वर जावा अशी नॉन-लीग क्लबांची मागणी आहे आणि ती रास्त आहे असे मला ठामपणे वाटते.

क्लब कसा निवडावा

रेक्सहॅमची गोष्ट पाहून या विषयाकडे वळलेल्यांची संख्या मोठी आहे. दोन अभिनेत्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये तो क्लब घेतला आणि आता तो नॉन-लीगमधून कधीच वर निघून गेला आहे. त्या गोष्टीतला जो भाग कमी सांगितला जातो तो असा की २०११ पासून जवळजवळ दहा वर्षे समर्थकांच्या ट्रस्टने तो क्लब सांभाळला होता. तसे झाले नसते तर अभिनेत्यांना विकत घेण्यासारखे काही उरलेच नसते. म्हणून ज्याला हे जग शिकून घ्यायचे आहे त्याने प्रसिद्धीच्या झोतातला क्लब सोडून सहाव्या ते आठव्या श्रेणीतला एखादा क्लब घ्यावा. तिथे खेळाडू बहुतेक अर्धवेळ असतात, दिवसभर नोकरी करून आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतात, आणि क्लबचा कारभार इतका लहान असतो की बाहेरच्या माणसालाही तो पूर्ण समजू शकतो.

आपल्या नात्यातले किंवा गल्लीतले कोणी इंग्लंडमध्ये शिकायला अथवा नोकरीला गेले असेल तर त्याच्या राहत्या गावाचा क्लब घेणे सगळ्यात सोयीचे, कारण कधीतरी कोणीतरी आपल्यासाठी मैदानावर जाऊन येईल. तसे कोणी नसेल तर इतिहास पाहून निवड करावी. शेफिल्ड एफसी हा १८५७ मध्ये स्थापन झालेला जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब आजही नॉन-लीगमध्येच खेळतो. मँचेस्टर युनायटेडच्या नाराज समर्थकांनी २००५ मध्ये उभारलेला एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, दक्षिण लंडनचा डलिच हॅम्लेट, केंट परगण्यातला मेडस्टोन युनायटेड, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचा स्कारबरो अॅथलेटिक यांपैकी कोणताही घेतला तरी शिकण्यासारखे भरपूर आहे. शक्यतो चार-पाच मित्रांनी मिळून एकच क्लब घ्यावा. एकाने सामन्यांचे वृत्तांत, एकाने हिशेब, एकाने गावातल्या बातम्या पाहिल्या तर काम सोपे होते आणि चर्चेला विषयही मिळतो.

मैदान कोणाचे?

क्लब ठरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा आणि त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढे जाऊ नये. नॉन-लीगच्या इतिहासात जितके क्लब खराब खेळामुळे संपले असतील त्याहून कितीतरी जास्त क्लब मैदान गेल्यामुळे संपले, असे माझे निरीक्षण आहे.

मेडस्टोनचे उदाहरण मी सगळ्यांना आधी वाचायला सांगतो. या क्लबने १९८८ मध्ये आपले लंडन रोडवरचे मैदान विकले आणि तो शेजारच्या डार्टफर्ड क्लबच्या मैदानावर खेळू लागला. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, मेडस्टोनने पाचव्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून लीगमध्ये प्रवेश केला. गुणतक्ता पाहणाऱ्याला हा क्लबच्या इतिहासातला सोन्याचा दिवस वाटला असेल. प्रत्यक्षात गावाबाहेर खेळणाऱ्या संघाला प्रेक्षक मिळेनात, दुसऱ्याच्या मैदानावर होणारा खर्च वाढत गेला आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये क्लबने लीगमधून अंग काढून घेतले. त्याच्यासोबत डार्टफर्डचेही मैदान गेले, म्हणजे एका क्लबच्या जमीनविक्रीत दोन गावे उघड्यावर आली. मेडस्टोनच्या कार्यकर्त्यांनी परगण्याच्या साखळीतल्या अगदी तळापासून पुन्हा सुरुवात केली आणि २०१२ मध्ये, तब्बल २४ वर्षांनी, संघ आपल्या गावातल्या नव्या मैदानावर उतरला. डार्टफर्डला नगरपालिकेने बांधलेले मैदान २००६ मध्ये मिळाले.

मेडस्टोनने नव्या मैदानावर कृत्रिम हिरवळ घातली, हा निर्णय नीट समजून घ्यावा. नैसर्गिक हिरवळीवर आठवड्यातून एक-दोन सामने झाले की तिला विश्रांती द्यावी लागते. कृत्रिम हिरवळीवर सकाळी शाळेची मुले, संध्याकाळी हौशी संघ आणि शनिवारी मुख्य संघ असा सतत वापर होतो, आणि प्रत्येक तासाचे भाडे क्लबच्या तिजोरीत पडते. इंग्लंडच्या पावसाळी हिवाळ्यात सामने रद्द होण्याचे संकटही टळते. पण लीग टूपासून वर कृत्रिम हिरवळ चालत नाही. सटन युनायटेडला २०२१ मध्ये बढती मिळाली तेव्हा उत्पन्न देणारी ती हिरवळ उखडून गवत लावावे लागले. बढतीमुळे एक उत्पन्न बंद व्हावे, हे विचित्र असले तरी वस्तुस्थिती आहे, आणि म्हणूनच एखादा क्लब वर जाण्याच्या बेतात असताना त्याची हिरवळ कोणती आहे हे पाहून ठेवावे.

मैदानाची अडवणूक विजेत्यांनाही चुकलेली नाही. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्स, १९९५ मध्ये मॅकल्सफिल्ड टाउन आणि १९९६ मध्ये स्टीव्हनेज असे लागोपाठ तीन विजेते मैदान निकषांत बसत नाही म्हणून बढतीला मुकले. हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०२३-२४ मध्ये गेट्सहेडने प्ले-ऑफमध्ये स्थान मिळवले, पण त्यांचे स्टेडियम स्थानिक परिषदेचे होते. पुढची दहा वर्षे तिथे खेळता येईल याची हमी क्लबला देता आली नाही आणि त्यांना प्ले-ऑफमध्ये खेळूच दिले गेले नाही. पुढच्याच महिन्यात या संघाने वेम्ब्लीवर एफए ट्रॉफी ही नॉन-लीग संघांची चषक स्पर्धा जिंकली. खेळात काही उणे नव्हते, उणीव होती ती एका कराराची.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. कर्जात बुडालेल्या स्कारबरोला आपले मैदान विकून शहराबाहेर नवे बांधायचे होते, पण ती जागा केवळ खेळासाठीच वापरावी अशी कायदेशीर अट तिच्यावर होती. अट उठली नाही आणि २००७ मध्ये सुमारे २५ लाख पौंडांच्या देण्याखाली क्लब विसर्जित झाला. जमिनीचे रक्षण करणारी अट क्लबला वाचवू शकली नाही, याचे दुःख तिथल्या लोकांना आजही असणार. समर्थकांनी त्याच वर्षी स्कारबरो अॅथलेटिक स्थापन केला, दहा वर्षे ब्रिडलिंग्टन या शेजारच्या गावात खेळून काढली आणि २०१७ मध्ये आपल्या गावी परत आणला.

तपासायचे कसे, तर प्रथम क्लबच्या संकेतस्थळावरील इतिहासाचे पान आणि गावच्या वर्तमानपत्राच्या जुन्या बातम्या वाचाव्यात. मैदान क्लबचे स्वतःचे आहे की स्थानिक परिषदेचे, की मालकाच्या दुसऱ्याच एखाद्या कंपनीचे, हे शोधावे. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा समजावा, कारण क्लब आणि जमीन वेगळ्या झाल्या की जमिनीला घरबांधणीचा भाव येतो आणि क्लब भाडेकरू होऊन बसतो. डलिच हॅम्लेटला २०१८ मध्ये जमीन ताब्यात असलेल्या विकासक कंपनीने चॅम्पियन हिल या मैदानाबाहेर काढले होते. समर्थक, स्थानिक परिषद आणि लोकप्रतिनिधी यांनी लावून धरल्यामुळे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्लब परतला. भाडेकरार असेल तर किती वर्षे उरली आहेत ते पाहावे. इंग्लंडच्या जमीन नोंदणी कार्यालयातून अल्प शुल्क भरून कोणत्याही जागेचा मालकी उतारा कोल्हापुरात बसून मागवता येतो. मैदानाची ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंद झाली आहे का, हेही पाहावे. २०११ च्या कायद्यानुसार अशी जागा विकायला काढली तर स्थानिक गटाला बोली लावण्याच्या तयारीसाठी सहा महिने मिळू शकतात.

आपले वरिष्ठ संघ राजर्षी शाहू स्टेडियम या एकाच मैदानावर खेळतात. त्यामुळे हे संघ चालवणाऱ्या कोल्हापूरच्या तालमीला स्वतःच्या मैदानाचे उत्पन्न नाही आणि ते राखण्याचा खर्चही नाही. सामन्याच्या आदल्या रात्री विजेचे दिवे, स्वच्छतागृहे आणि संरक्षक भिंत यांची चिंता करणारा सचिव आपल्याकडे दिसत नाही. इंग्लंडमधल्या आठव्या श्रेणीच्या सचिवाचा बहुतेक वेळ याच कामांत जातो, हे लक्षात घेतले तर तिथल्या बातम्यांचा अर्थ अधिक नीट लागतो.

हिशेबाची कागदपत्रे

तालीम ही कुस्ती, गणेशोत्सव, वर्गणी आणि पेठेतले नातेसंबंध यांनी बांधलेली संस्था असते, फुटबॉल संघ हे तिचे एक अंग. इंग्लंडमधला क्लब बहुतेक वेळा कायद्याने एक कंपनी असतो आणि कर थकला की न्यायालय त्या कंपनीला विसर्जित करू शकते. आपल्या आणि त्यांच्या फुटबॉलमधला हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो.

याचा एक फायदा असा की कंपनीला हिशेब जाहीर करावे लागतात. कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचे नाव टाकले की वार्षिक ताळेबंद, संचालकांची यादी आणि मालमत्तेवरील बोजा ही सगळी कागदपत्रे विनामूल्य दिसतात. लहान कंपन्यांना पूर्ण नफा-तोटा पत्रक देण्याची सक्ती नसते, म्हणून बहुधा ताळेबंदच हाती लागतो; तेवढा पुरेसा आहे. एका वर्षात फेडायचे देणे किती आणि हातातली रोख व येणे किती, हे आधी पाहावे. देणे मोठे असेल तर ते कोणाचे हे टिपांमध्ये शोधावे. संचालकाने क्लबला दिलेले कर्ज आणि कर खात्याची थकबाकी या दोन्ही गोष्टी देण्यातच मोजल्या जातात, पण पहिली मालकाच्या मर्जीवर उभी असते आणि दुसरी कोणाच्याच मर्जीवर नसते. सलग तीन-चार वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहून काढावेत. एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवू नये.

आकड्यांपेक्षाही बोलक्या दोन खुणा आहेत. खासगी कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत हिशेब सादर करावे लागतात; ज्या क्लबचे हिशेब वारंवार उशिरा येतात, तिथे काहीतरी अडले आहे असे समजावे. आणि थोड्या काळात तीन-चार संचालकांनी राजीनामे दिले असतील तर बातमी येण्याची वाट न पाहता सावध व्हावे. कर खाते किंवा अन्य धनको विसर्जनासाठी अर्ज करतात तेव्हा त्याची सूचना ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात येते, तीही कोणालाही वाचता येते.

मॅकल्सफिल्ड टाउन २०२० च्या सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाला, तेव्हा थकबाकी पाच लाख पौंडांहून अधिक होती. मोठ्या क्लबच्या एका खेळाडूला काही आठवड्यांत मिळावी एवढी ही रक्कम, आणि तिच्यापायी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला क्लब संपला. एका स्थानिक व्यावसायिकाने मैदान विकत घेतले, २०२१ मध्ये नवा क्लब नवव्या श्रेणीत उतरला आणि पहिल्याच हंगामात विजेता झाला. साउथएंड युनायटेडवर कर खात्याचे अर्ज वारंवार झाले, खेळाडू घेण्यावर बंदी आली आणि २०२३-२४ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच दहा गुण कापले गेले. अशा संघाचे गुणतक्त्यातले स्थान त्याच्या खेळाबद्दल काहीच सांगत नाही; म्हणून तक्त्याखालच्या तळटिपा वाचण्याची सवय लावून घ्यावी.

पैसा कोणाचा, मते कोणाची

एका श्रीमंत माणसाच्या बळावर चढलेला क्लब किती उंच जाऊ शकतो आणि किती वेगाने खाली येतो, हे रशडन अँड डायमंड्सच्या इतिहासात दिसते. चपलांच्या गावातल्या वाचकाला या गोष्टीत विशेष रस वाटावा, कारण तिथला धनी डॉक्टर मार्टेन्स या प्रसिद्ध बुटांचा व्यापारी मॅक्स ग्रिग्ज होता. नॉर्दम्प्टनशर हा परगणाच मुळी पादत्राणांच्या धंद्याचा. १९९२ मध्ये दोन लहान क्लब एकत्र करून हा क्लब निर्माण झाला, त्याच्यासाठी नेन पार्क हे देखणे स्टेडियम उभे राहिले, २००१ मध्ये तो लीगमध्ये आला आणि २००३ मध्ये चौथ्या श्रेणीचा विजेताही झाला. ग्रिग्ज यांनी २००५ मध्ये अंग काढून घेतले. सहा वर्षांत, २०११ मध्ये, क्लबची पाचव्या श्रेणीतून हकालपट्टी झाली आणि तो बुडाला. २०१७ मध्ये स्टेडियमही जमीनदोस्त झाले. लोकवस्ती लहान, खर्च मोठा आणि तो भरून काढणारा एकच हात, हे त्रिकूट दिसले की क्लब कितीही जिंकत असला तरी त्याची काळजी वाटायला हवी.

समर्थकांच्या मालकीचे क्लब हळू चढतात. त्यांत प्रत्येक सभासदाला एकच मत असते, मग त्याने कितीही रक्कम गुंतवलेली असो. एएफसी विम्बल्डन २००२ मध्ये असाच स्थापन झाला आणि २०११ मध्ये लीगमध्ये पोहोचला. एक्सेटर सिटी २००३ मध्ये लीगमधून खाली घसरला तेव्हा ट्रस्टने त्याचा कारभार हाती घेतला आणि पाच वर्षांत क्लब परत वर नेला. अशा संस्थांची नोंद बऱ्याचदा कंपनीज हाउसमध्ये नसून वित्तीय नियामक संस्थेच्या सहकारी संस्थांच्या नोंदवहीत असते. हिशेब तिथे शोधावेत. सहकारी दूध संघ आणि साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभा पाहिलेल्या कोल्हापूरकराला ‘एक सभासद, एक मत’ या रचनेची ताकद आणि तिच्यातली भांडणे दोन्ही वेगळी समजावून सांगायला नकोत. समर्थकांची मालकी असली म्हणजे पैशाचा प्रश्न सुटतो असेही नाही. एवढेच की मैदान विकण्याचा निर्णय एका खोलीत एका रात्रीत होत नाही.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल कारभाराचा नवा कायदा झाला आणि वरच्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामक आला. नॅशनल लीगचे क्लब त्यात येतात, सहाव्या श्रेणीपासून खालचे येत नाहीत. खालच्यांवर लक्ष ठेवण्याचे काम अजून तरी त्यांच्या समर्थकांचेच आहे.

चषकाचे पैसे

१८७१ मध्ये सुरू झालेल्या एफए कपमध्ये दरवर्षी सातशेहून अधिक क्लब उतरतात. अगदी लहान संघांचे सामने ऑगस्टमध्येच सुरू होतात. नोव्हेंबरमध्ये लीग वन व लीग टूचे आणि जानेवारीत तिसऱ्या फेरीत सगळ्यात वरचे संघ येतात. प्रत्येक फेरीला बक्षिसाची रक्कम असते आणि प्रवेशशुल्कातला वाटाही मिळतो, म्हणून पात्रता फेऱ्यांचे निकाल हे क्लबच्या अर्थसंकल्पाचा भाग समजून वाचावेत. मर्सीसाइडच्या मरीन या आठव्या श्रेणीच्या क्लबला जानेवारी २०२१ मध्ये टॉटनहॅमशी सामना मिळाला, पण महामारीमुळे प्रेक्षकांना बंदी होती. क्लबने दहा पौंडांची आभासी तिकिटे काढली आणि ती तीस हजारांहून अधिक विकली गेली. सामना ०-५ असा गेला, पण क्लबची आर्थिक घडी बसली.

एक्सेटरने नॉन-लीगमध्ये असताना जानेवारी २००५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० असे रोखले आणि स्वतःच्या मैदानावर दुसरा सामना मिळवला. त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जाचा डोंगर उतरला. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे सगळे फेरसामने बंद करण्यात आले आहेत. बड्या क्लबांच्या वेळापत्रकाची सोय झाली, पण लहान क्लबांचे एक हक्काचे दार बंद झाले. हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो.

चषकातले विजयही दुर्मीळ म्हणूनच मौल्यवान असतात. नॅशनल लीगमधल्या लिंकन सिटीने २०१७ मध्ये बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, तिथपर्यंत नॉन-लीग संघ १९१४ नंतर प्रथमच पोहोचला होता. आणि जानेवारी २०२४ मध्ये सहाव्या श्रेणीतल्या मेडस्टोनने, त्याच हंगामाअखेरीस प्रीमियर लीगमध्ये गेलेल्या इप्सविचला २-१ असे नमवले. ज्याने आधी त्या क्लबच्या मैदानाचा इतिहास वाचला असेल त्यालाच त्या दिवशी तिथे काय साजरे झाले ते पूर्ण कळेल.

चषकाखेरीज खेळाडूंच्या विक्रीतूनही पैसा येतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळलेल्या जेमी वार्डीसाठी २०१२ मध्ये लेस्टरने फ्लीटवुडला दहा लाख पौंड मोजले. असा खेळाडू एखाद्याच क्लबला लाभतो.

वेळापत्रक, आणि प्रत्यक्ष जाण्याचा योग आला तर

हंगाम ऑगस्ट ते एप्रिल-मे असा चालतो. शनिवारचे सामने तिथल्या दुपारी ३ वाजता सुरू होतात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्याकडे संध्याकाळी ७.३० आणि उरलेल्या काळात रात्री ८.३०. मंगळवारचे सामने बहुधा ७.४५ ला असतात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, त्यांचा निकाल सकाळी पाहिलेला बरा. आपल्याकडे पावसाळ्यात फुटबॉल थांबतो, तिथे मात्र ऐन हंगामात पाऊस आणि गोठलेली जमीन येते. डिसेंबर-जानेवारीत रद्द झालेले सामने एप्रिलमध्ये आठवड्याला तीन-तीन खेळावे लागतात, अर्धवेळ खेळाडू थकतात आणि गुण जातात. म्हणून गुणतक्ता पाहताना प्रत्येक संघाचे किती सामने झाले आहेत हा रकाना आधी वाचावा.

इंग्लंडला जाणे झाले तर सातव्या-आठव्या श्रेणीच्या सामन्याचे तिकीट साधारण दहा-पंधरा पौंडांत प्रवेशद्वारावरच मिळते. निघण्यापूर्वी सकाळी क्लबच्या समाजमाध्यमांवर मैदानाची पाहणी झाली का आणि सामना होणार आहे का, हे पाहावे. तिथे दोन्ही बाजूंचे समर्थक सहसा वेगळे बसवले जात नाहीत. मध्यंतरानंतर आपला संघ ज्या गोलवर चाल करणार त्या बाजूला सगळे चालत जातात. छापील कार्यक्रमपत्रिका मिळत असेल तर घ्यावी, चहा क्लबच्याच टपरीवर प्यावा आणि सोडतीचे तिकीटही घ्यावे, कारण हे सगळे पैसे थेट त्या शनिवारच्या खर्चाला लागतात.

कोल्हापुरातूनच हातभार लावायचा असेल तर जर्सी मागवण्यापेक्षा सभासदत्व घ्यावे. जर्सीच्या किमतीतला मोठा भाग उत्पादक आणि टपालखर्च यांत जातो, सभासद शुल्क मात्र क्लबकडेच राहते. समर्थकांच्या मालकीच्या क्लबमध्ये परदेशातल्या व्यक्तीला सभासद होता येते का, हे त्यांच्या नियमावलीत पाहावे किंवा सचिवांना पत्र लिहून विचारावे. शुल्क भरल्यावर वार्षिक सभेचे निमंत्रण, हिशेब आणि ठरावांचे मसुदे येतात, आणि ते मतदानाच्या तारखेपूर्वी वाचून आपले मत नोंदवावे.